सस्पेन्शनचं बिल कसं वाचावं

गणपती आटोपले की दिवाळीपर्यंत महाराष्ट्रातल्या गॅरेजांसमोर गाड्यांची रांग लागते आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांची तक्रार एकच असते: पुढच्या चाकाकडून खडखड येते. चार महिने पाण्याखाली दडलेले खड्डे हे त्याचं एक कारण. दुसरं कारण गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, घुमटासारखा पसरट असायला हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून अलगद जाते. गल्लीबोळांत रहिवाशांनी सिमेंट ओतून केलेला अरुंद, उभा उंचवटा तेच काम हिसका देऊन करतो, आणि तो हिसका रोज खातं ते गाडीचं सस्पेन्शन.

अशी गाडी दोन ठिकाणी दाखवली की एका जागी १८ हजारांचं एस्टिमेट मिळतं, दुसऱ्या जागी ४ हजारांचं. गाडीवाला मग एकतर पहिला लुटतोय असं धरून चालतो, नाहीतर दुसरा हलका माल घालणार असं. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत, कारण सस्पेन्शनच्या कामात एकूण रकमेवरून काहीच कळत नाही. कुठला भाग खराब ठरला आणि तो कशावरून ठरला, नवा भाग कुठल्या खोक्यातून आला, मजुरी किती तासांची लावली, हे तीन प्रश्न सुटे करून विचारले तरच रक्कम रास्त की अवाजवी ते सांगता येतं. त्यातला पहिला प्रश्न विचारायचा राहिला तर सगळ्यात जास्त पैसे जातात. चुकीचा भाग कितीही स्वस्तात बदलून घेतला तरी खडखड जागच्या जागी राहते आणि दिलेले पैसे पाण्यात जातात.

आपल्याकडच्या लहान आणि मध्यम गाड्यांना पुढे बहुतेक वेळा मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४० च्या दशकात ही रचना विकसित केली आणि १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांतून ती रस्त्यावर आली. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी, म्हणून सर्वसामान्यांच्या गाड्यांत ती रुजली. त्यात एक उभा स्ट्रट असतो: आत शॉकॲब्सॉर्बर, भोवती कॉइल स्प्रिंग, डोक्यावर बॉडीला धरणारं रबरी माउंटिंग आणि त्याच्याजवळ एक बेअरिंग. खाली आडवा लोअर आर्म, त्याच्या आतल्या टोकाला रबरी बुश आणि चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट. दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार, आणि बऱ्याच गाड्यांत त्याला स्ट्रटशी बांधणारी बोटभर जाडीची लिंक रॉड. स्टिअरिंगकडून येणारा टाय रॉड एंड. मागे तर पसारा आणखी कमी: एक आडवा बीम, दोन स्प्रिंगा, दोन शॉकॲब्सॉर्बर आणि बीमचे बुश. खडखड यांतल्या कुठूनही येऊ शकते. काही शे रुपयांच्या लिंक रॉडचा आवाज आणि काही हजारांच्या स्ट्रटचा आवाज आत बसलेल्या माणसाला सारखाच वाटतो. जादा बिलं बहुतेक इथून सुरू होतात. काही वेळा हेतू वाईट असतो, पण पुष्कळदा मिस्त्रीने शोध घेण्याचा वेळ वाचवलेला असतो.

आवाज नीट ऐकला तर निम्मं काम होतं. कमी वेगात, बारीक खडबडीत रस्त्यावर, डब्यात सुटे खिळे हलावेत तशी खुळखुळ येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यावा. मोठ्या खड्ड्यात एकच जड ठोका बसत असेल तर लोअर आर्मचा बुश किंवा स्ट्रटचं माउंटिंग बघावं. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर कर्रकर्र होत असेल, किंवा स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा झटका जाणवत असेल, तर माउंटिंगजवळचं बेअरिंग गेलेलं असू शकतं. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत राहिली, तर शॉकॲब्सॉर्बर थकले आहेत. काही आवाज सस्पेन्शनचे नसतातच. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कट-कट-कट वाजतं ते ॲक्सलच्या जॉइंटचं. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर व्हील बेअरिंगची किंवा टायरची. ताशी ८०-१०० ला स्टिअरिंग थरथरतं ते बहुधा बॅलन्सिंगचं. आणि गॅरेजला जायच्या आधी डिकीतला जॅक आणि पान्हे काढून एक फेरी मारून बघा. हे मी गंभीरपणे सांगतो आहे, कारण मागून येणाऱ्या खडखडीचं मूळ अनेकदा तिथेच सापडतं.

गाडी रॅम्पवर चढली की शेजारी उभं राहून पाहावं. चांगला मिस्त्री आधी चाक वर-खाली दोन हातांत धरून हलवतो. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. मग डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवतो. तिथे खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगचा रॅक. नंतर टॉमी, म्हणजे छोटी पहार, घेऊन ती लोअर आर्म आणि सबफ्रेमच्या फटीत घालतो आणि दाबतो. धड बुश थोडा दबतो आणि परत जागेवर येतो. फाटलेल्या बुशमध्ये रबर धातूच्या नळीपासून सुटलेलं असतं. टॉमी दाबली की चंद्रकोरीएवढी फट उघडते आणि आर्म टक्क करून सरकतो. हे दृश्य एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही, आणि ते दाखवायला मिस्त्रीला अर्धा मिनिट पुरतो. शॉकॲब्सॉर्बरचं तसंच. वरच्या भागावर धुळीचा ओलसर थर असणं हे गळतीचं लक्षण नाही. तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर मात्र सील गेलेलं आहे. बॉनेटवर जोर देऊन गाडी दाबून सोडायची जुनी पद्धत पार निकामी झालेला शॉकॲब्सॉर्बर पकडते, अर्धवट थकलेला पकडत नाही. तेव्हा तेवढ्यावरून ‘चारही गेलेत’ असं कुणी म्हणालं, तर ते मान्य करू नये.

ही सगळी तपासणी १५-२० मिनिटांची आहे. तिचे दोनशे-तीनशे रुपये कुणी मागितले तर मी ते आनंदाने देईन, आणि वाचकांनीही द्यावेत असं मला मनापासून वाटतं. आपण तपासणी फुकट मागतो आणि मिस्त्रीला भाग विकूनच पैसे मिळतील अशी व्यवस्था करून ठेवतो. मग त्याने भाग विकले तर दोष कुणाचा? कान आणि हात वापरून दोष नेमका शोधणं हे या धंद्यातलं सर्वांत मोठं कसब आहे आणि बिलात त्याची ओळ नसते. ती असावी.

दोष सापडला की किती भाग बदलायचे हा प्रश्न येतो. शॉकॲब्सॉर्बर एका ॲक्सलवर जोडीनेच बदलावेत, कारण एक नवा आणि एक थकलेला असेल तर ब्रेक मारताना आणि वळताना दोन्ही बाजू वेगळ्या वागतात. पुढचे गेले म्हणून मागचेही बदला, याला मात्र आधार नाही. लिंक रॉड, टाय रॉड एंड, लोअर आर्म एकेकटे बदलता येतात. दुसऱ्या बाजूचा भाग तपासणीत धड निघाला तर तो राहू द्यावा. उलट एका जागी थोडा जादा खर्च आपल्याच फायद्याचा असतो. स्ट्रट खोललाच आहे तर जुनं माउंटिंग, बेअरिंग, बम्प स्टॉप आणि धूळ अडवणारं रबर तेव्हाच बदलून घ्यावं. हे भाग तुलनेने स्वस्त असतात आणि नंतर बदलायचे तर सगळी मजुरी पुन्हा पडते.

लोअर आर्मच्या बाबतीत नुसता बुश प्रेसवर काढून नवा बसवता येतो. आर्म सरळ असेल आणि बॉल जॉइंट घट्ट असेल, तर हे काम संपूर्ण आर्मच्या मानाने बरंच स्वस्तात होतं. अधिकृत वर्कशॉप सहसा आखाच आर्म घालतं. गाडी लाखभर किलोमीटर चालली असेल आणि बॉल जॉइंटचं रबर फाटलेलं असेल, तर मीही आखा आर्मच घ्या म्हणेन. पण हा पर्याय आहे हे ग्राहकाला सांगितलं जायला हवं.

‘आज नाही केलंत तर चाक निखळेल’ ही भीती सर्रास घातली जाते. ती खरी असते ती प्रामुख्याने दोन भागांबाबत, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड. त्यांत खेळ आला असेल तर गाडी घरी नेऊ नका, भावाचीही घासाघीस करू नका, तिथेच काम करून घ्या. स्प्रिंग मोडली असेल तरी तेच. वाजणारी लिंक रॉड पुढच्या पगारापर्यंत थांबली तर बिघडत नाही. फाटू लागलेला बुश काही आठवडे चालतो, फक्त टायर एका बाजूने झिजतोय का यावर लक्ष ठेवावं.

आता खोक्याकडे वळू. तोच स्ट्रट बाजारात चार रूपांत मिळतो. गाडी कंपनीच्या नावाच्या खोक्यात, तो बनवून कंपनीला पुरवणाऱ्या उत्पादकाच्या स्वतःच्या खोक्यात, दुसऱ्या नामांकित उत्पादकाच्या खोक्यात, आणि बिननावाच्या किंवा नावाची नक्कल केलेल्या खोक्यात. चाकणला कारखाना असलेली गॅब्रिएल गाडी कंपन्यांना शॉकॲब्सॉर्बर पुरवते आणि आपल्या नावानेही विकते, हे दुसऱ्या प्रकाराचं आपल्या दारातलं उदाहरण. मला विचाराल तर वॉरंटी संपलेल्या गाडीला या दुसऱ्या खोक्याइतका रास्त सौदा नाही. चौथं खोकं कधीच घेऊ नये. विशेषतः बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड यांत पैसे वाचवण्याची जागाच नाही. जुना शॉकॲब्सॉर्बर भोक पाडून, तेल भरून, वेल्डिंग करून ‘रिपेअर’ केलेला मिळतो, तोही घेऊ नये.

किंमत पडताळायची तर एस्टिमेटवर पार्ट नंबर लिहून मागावा. नुसतं ‘शॉकअप जोडी’ लिहिलेल्या कागदावरून कुणालाच काही सांगता येत नाही. नंबर हातात असला की पुण्याच्या नाना पेठेतल्या किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानदाराला फोन करून पाच मिनिटांत भाव कळतो. खोक्यावरची एमआरपी सर्व करांसह असते. तिच्यावर पुन्हा जीएसटी लावणं बेकायदा आहे. बिलात भागाची मूळ किंमत आणि कर वेगळे दाखवलेले असतील तर दोन्हींची बेरीज एमआरपीच्या आत बसते का, ते पाहावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी त्यातल्या बहुतेकांवर २८ टक्के होता. मजुरीवरही १८ टक्के लागतो, पण तो घेण्याचा अधिकार जीएसटी नोंदणी असलेल्यालाच आहे. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर कराची ओळही असता कामा नये. गॅरेजवाला भागावर काही टक्के कमावतो यात गैर काही नाही. तो भाग आणायला जातो, चुकीचा निघाला तर बदलून आणतो, बसवल्यावर जबाबदारी घेतो. ती कमाई एमआरपीच्या आत असावी, एवढंच.

सुट्या भागांच्या किमतींचा प्रश्न किती मोठा आहे याचा सरकारी पुरावाही आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ गाडी कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू दिली जात नाही आणि त्यामुळे ग्राहकाला जादा दाम मोजावे लागतात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. एका साध्या ग्राहकाच्या तक्रारीतून हे प्रकरण उभं राहिलं होतं. पुढे ते अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यातही वाहनांचं क्षेत्र घेतलेलं आहे. स्वतंत्र गॅरेजवाल्याला मूळ भाग आणि माहिती मिळणं हा त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, तसाच आपल्या बिलाचाही.

मजुरीचा हिशेब तासांत करावा. लहान गाडीत लिंक रॉड २० मिनिटांत बदलते. टाय रॉड एंडला अर्धा तास. लोअर आर्मला पाऊण ते एक तास. पुढचा स्ट्रट उतरवून, स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून, नवा बांधून परत चढवायला एका बाजूला साधारण सव्वा तास. मागचा शॉकॲब्सॉर्बर अर्ध्या-पाऊण तासाचा. कोकणात आणि समुद्रकाठच्या गावांत यात वाढ धरावी लागते, कारण खारी हवा आणि पावसाने लोअर आर्मचा बोल्ट बुशच्या नळीत असा धरून बसतो की तो ग्राइंडरने कापावा लागतो. त्याचे जादा पैसे मागितले तर ते रास्त आहेत.

समजा एका हॅचबॅकच्या एस्टिमेटमध्ये मजुरी अशी लिहिली आहे: दोन स्ट्रट १,६००, दोन माउंटिंग ८००, दोन लिंक रॉड ६००, दोन लोअर आर्म १,२००. बेरीज ४,२००. वरवर पाहता प्रत्येक ओळ बरोबर आहे. पण माउंटिंग स्ट्रटच्या डोक्यावरच असतं आणि स्ट्रट काढायचा तर लिंक रॉडचा नट आधी सोडावाच लागतो. म्हणजे १,६०० रुपयांत ती दोन्ही कामं जवळजवळ आलीच, आणि वरचे १,४०० त्याच वेळेचे दुसऱ्यांदा लावलेले आहेत. उरले २,८००. काम साधारण चार तासांचं, म्हणजे तासाला ७०० रुपये. महागडी उपकरणं, पक्की जागा आणि कामाची वॉरंटी देणाऱ्या वर्कशॉपात हा दर मला मान्य आहे. रस्त्याकडेला जॅकवर गाडी उचलून काम होणार असेल तर तो जास्त आहे. शहर बदललं, गाडी बदलली की आकडे हलतात. एका तासाचे पैसे एकदाच, हा नियम मात्र कुठेही लावता येतो. एस्टिमेट हातात आल्यावर ‘हे दोन्ही एकत्रच खोलतात ना?’ एवढं शांतपणे विचारावं. बरेच जण त्याच क्षणी ओळ खोडतात.

चांगल्या मजुरीत काय मिळतं हेही ओळखता यायला हवं. लोअर आर्मचे बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना आवळले, तर खाली उतरवल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. जाणता मिस्त्री बोल्ट आधी सैल ठेवतो, चाकांवर वजन आल्यावर शेवटचा आवळतो, तोही टॉर्क पान्ह्याने. हे करणाऱ्याने शंभर-दोनशे जास्त घेतले तर ते वसूल होतात. याउलट करकरणाऱ्या बुशवर ऑइल किंवा डिझेल मारून आवाज बंद करणाऱ्यापासून दूर राहावं. आवाज तेवढ्यापुरता थांबतो आणि तेलाने रबर फुगून लवकर संपतं.

काम झाल्यावर अलाइनमेंट लागते का, हे कुठला भाग बदलला त्यावर ठरतं. स्ट्रट, लोअर आर्म, टाय रॉड एंड बदलला तर अलाइनमेंट हवीच, ती वगळून पैसे वाचवू नयेत. फक्त लिंक रॉड बदलली, किंवा मागे बीम असलेल्या गाडीचे मागचे शॉकॲब्सॉर्बर बदलले, तर तिची गरज नाही. बॅलन्सिंगचा सस्पेन्शनच्या कामाशी संबंध नाही. कॅम्बरच्या, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाच्या, ओळीवर मात्र बोट ठेवावं. बहुतेक लहान गाड्यांत पुढचा कॅम्बर जुळवण्याची सोय कारखान्यातून दिलेलीच नसते. तो बिघडला असेल तर काहीतरी वाकलेलं किंवा झिजलेलं असतं. काही टायरच्या दुकानांत मशीन लावून स्ट्रट ओढून वाकवतात आणि पडद्यावरचा आकडा हिरवा करून दाखवतात. नव्या स्ट्रटवर हे करू देऊ नये.

खड्ड्यात आपटून लोअर आर्म वाकला असेल तर ती झीज नव्हे, अपघाती नुकसान आहे, आणि सर्वंकष विम्यात त्याचा दावा करता येतो. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापला जातो, हे लक्षात ठेवावं. रोजच्या वापराने झिजलेल्या भागांना विमा नसतो.

गाडी ताब्यात घेताना जुने भाग परत मागावेत आणि नव्या भागांची खोकी बघावीत. बिलावर पार्ट नंबर, किलोमीटरचा आकडा आणि कामाच्या वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी. ‘बिल कशाला, कर वाचेल’ या बोलण्याला भुलू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे वस्तू किंवा सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल नसेल तर महिन्याभरात गळू लागलेला स्ट्रट घेऊन दाद मागणं फार अवघड होतं. बिल असेल तर आधी गॅरेजवाल्याशी बोला, बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.